डॅशकॅमचं जीपीएस लागतच नाही, फोनचं मात्र तिथेच लगेच लागतं

कात्रज_ते_कराड

नमस्कार मंडळी. गाडीत डॅशकॅम आहे, जीपीएसवाला, म्हणजे काचेला चिकटवायचा जो माउंट असतो त्याच्यातच जीपीएस आहे आणि कॅमेरा त्यात खालून सरकवून बसवायचा. घेतला तेव्हा मस्त चालायचं, सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून मेन रोडला लागेपर्यंत सॅटेलाइटचा आयकॉन लालचा हिरवा व्हायचा आणि व्हिडिओच्या खाली वेग, अक्षांश-रेखांश सगळं उमटायचं. उन्हाळ्यापासून मात्र बोंब आहे. कधी शिरवळ येईपर्यंत लागत नाही, कधी लागतं आणि खंबाटकी चढताना जातं ते जातंच, आणि चहाला थांबून गाडी बंद करून परत चालू केली की पुन्हा पहिल्यापासून रामायण. फोन तिथेच डॅशबोर्डवर असतो, त्यात मॅप उघडला की दुसऱ्या सेकंदाला निळा ठिपका हजर. म्हणजे सिग्नल आत येतोय ना? मग ह्यालाच काय धाड भरलीये?

मधे गाडीत झालेलं काम सांगतो म्हणजे परत विचारायला नको. समोरच्या काचेला उष्णता अडवणारी फिल्म लावली, दुकानदार म्हणतो सिरॅमिक आहे, मेटल नाही. मागचा कॅमेरा लावला, त्याची वायर छताच्या कडेने नेली. पूर्वी कॅमेरा लायटर सॉकेटमधल्या चार्जरवर चालायचा, आता पार्किंग मोडसाठी, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून, फ्यूजबॉक्समधून हार्डवायर किट टाकून घेतलं. आणि फास्टॅग नवीन आला तो आरशामागे कॅमेऱ्याला खेटूनच चिकटवलाय. हे सगळं एकाच दुकानात एकाच दुपारी. आता दुकानदार म्हणतो कॅमेराच गेलाय आणि कॅमेऱ्याचे सर्व्हिसवाले म्हणतात फिटिंग बघून घ्या. फर्मवेअर टाकून झालं, फॅक्टरी रीसेट झालं, कार्ड बदलून झालं. नवा जीपीएस माउंट मागवू का सरळ? वेग दिसला नाही तरी चालेल पण उद्या हायवेला कोणी ठोकून गेलं तर नेमकी जागा क्लिपमध्ये असावी एवढीच अपेक्षा.

वायरमन_इचलकरंजी

भाऊ माउंट मागवू नका इतक्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, असल्या गाड्या येतात माझ्याकडे आणि पहिला संशय माझा कायम हार्डवायर किटवर. त्यात एक छोटी डबी असते बघा, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी. ती आतमध्ये सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असते, चांगल्या कंपनीची असेल तर शील्डिंग असतं, फिल्टर असतो, स्वस्तातली असेल तर ती डबी आणि तिची वायर मिळून रेडिओ स्टेशनच होतं, फक्त गाणी नाही नुसता कचरा प्रसारित करते. जीपीएसचा सिग्नल इतका बारीक असतो की त्या कचऱ्यात तो बुडून जातो.

बघायचं कसं, तर किटची पिन माउंटमधून काढा आणि साध्या पॉवर बँकवर कॅमेरा चालवा. इंजिन बंद. मागच्या कॅमेऱ्याचीही पिन काढून ठेवा. उघड्यावर उभे राहा आणि बघा लागतं का. लागलं तर किट दोषी, विषय संपला. अजून एक म्हणजे गाडीचा एफएम लावा, मुद्दाम लांबचं कमकुवत स्टेशन लावा आणि कॅमेऱ्याची पिन काढा-घाला करा. पिन घातल्यावर खरखर वाढली तर समजून जा.

आणि आरशाच्या वर छताचं अस्तर जिथे काचेला टेकतं तिथे बोट घालून बघा. दुकानातली पोरं उरलेली वायर कापत नाहीत, चांगली दोन-तीन मीटर वायर गुंडाळून प्लास्टिकच्या टायने आवळून तिथेच कोंबतात, म्हणजे जीपीएसच्या बरोब्बर डोक्यावर. कधी कधी तर डबीसकट कोंबलेली सापडते, कारण खाली फ्यूजबॉक्सपाशी वाकून बांधायचा कंटाळा.

जाता जाता इतरांसाठी. काही कॅमेऱ्यांना पिन घालायला दोन भोकं असतात, एक कॅमेऱ्याला आणि एक माउंटला. पिन थेट कॅमेऱ्याला घातली तर रेकॉर्डिंग होतं पण माउंटमधल्या जीपीएसला करंटच मिळत नाही आणि माणूस सॅटेलाइट शोधत बसतो. तुमचं मधूनमधून लागतंय म्हणजे तुमचा तो प्रकार नाही.

घाटातला_मामा

कशाला पाहिजे ते जीपीएस? क्लिप घेऊन पोलीस स्टेशनला गेलात आणि त्यावर ११२ चा वेग दिसला की समोरचा राहिला बाजूला, पहिली पावती तुमचीच फाटणार. माझं मी बंद करून ठेवलंय. सुखी आहे.

खगोलवेडी

मामा, वेगाचा शिक्का वेगळा आणि जागेचा वेगळा, बऱ्याच कॅमेऱ्यांत सेटिंगमध्ये वेग बंद करून नुसते अक्षांश-रेखांश ठेवता येतात. आणि ११२ ने जाऊच नका ना :)

कात्रज_ते_कराड, तुमचा मूळ प्रश्न चांगला आहे, फोनला लागतं मग कॅमेऱ्याला का नाही. कारण ही तुलनाच बरोबरीची नाही. उपग्रह वर साधारण २०,२०० किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल गाडीपर्यंत पोचतो तेव्हा तो रिसीव्हरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक खरखरीपेक्षाही खाली असतो, गणित करून तो उकरून काढावा लागतो. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात आणि प्रत्येक उपग्रह आत्ता नेमका कुठे आहे ही माहितीही लागते. ती माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो पण वेग किती, तर सेकंदाला ५० बिट. हो, पन्नास. एका उपग्रहाची कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या फेरीत येते आणि तेवढा वेळ ती सलग, न तुटता मिळायला हवी. मधेच पूल आला, झाड आलं, तुमच्या त्या डबीने खरखर केली, की तो तुकडा गेला, थांबा पुढच्या फेरीपर्यंत. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मिळवायचं तर साडेबारा मिनिटं.

फोन हे काहीच करत नाही. तो हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून क्षणात उतरवून घेतो, शिवाय टॉवर आणि वायफायवरून आधीच अंदाज बांधून ठेवतो. तुमचा निळा ठिपका पहिल्या सेकंदाला दिसतो तो पुष्कळदा उपग्रहांचा नसतोच. कॅमेऱ्याला सिम नाही, मदतनीस नाही, त्याला सगळं स्वतः ऐकायचंय. खरंच बरोबरी करायची असेल तर फोनमध्ये उपग्रहांची सिग्नल ताकद दाखवणारं एखादं अॅप टाका आणि फोन अगदी माउंटशेजारी धरून बघा. चांगल्या उघड्यावर आकडे ४० च्या आसपास दिसतात. कॅमेऱ्याची पिन घातल्यावर ते धाडकन पडले तर वायरमनदादांचं म्हणणं डोळ्यांनी दिसेल.

अजून एक फरक लक्षात ठेवा. एकदा लागलेला सिग्नल धरून ठेवायला कमी ताकद पुरते, पहिल्यांदा शोधून माहिती वाचायला जास्त लागते. म्हणून कमजोर सिग्नलमध्ये गाडी सुरू करताना लागतच नाही आणि एकदा लागलं की बरंच टिकतं. आणि चहानंतर परत पहिल्यापासून, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कक्षेची माहिती साधारण चार तास चालते आणि कॅमेरा बंद असतानाही ती जपायला माउंटमध्ये छोटासा बॅकअप सेल असतो. थोड्या वेळाने गाडी सुरू केली तर काही सेकंदांत लागायला पाहिजे. लागत नसेल तर एक तर तो सेल गेलाय, नाहीतर आधीच्या प्रवासात माहिती पूर्ण हातात आलीच नव्हती.

नाशिककर_७

फास्टॅगबद्दल कोणीच बोलत नाहीये? तो पण रेडिओच आहे ना. माझ्या शोरूमवाल्याने सांगितलं होतं की टॅग आणि कॅमेरा जवळजवळ लावू नका, टॅग जाम करतो.

वायरमन_इचलकरंजी

नाही हो. टॅगला बॅटरीच नसते, तो स्वतःहून काहीच पाठवत नाही. टोलच्या रीडरने त्याच्यावर लहर मारली की तेवढ्यापुरता तो उत्तर देतो, आणि ते पण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला. जीपीएस १५७५ मेगाहर्ट्झला. फक्त टॅगमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ अँटेना असतो, तो जीपीएसच्या बरोबर वर आला तर तेवढं आभाळ झाकलं जातं, म्हणून चार बोटं अंतर ठेवा. आणि उलटंही खरं आहे, माउंट टॅगच्या पुढे आला तर टोलला टॅग वाचायला कटकट.

नेकारकाठी

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, मूळचा सांगलीचा. इथे हा प्रॉब्लेम लोकांना काचेमुळे येतो. युरोपात बऱ्याच गाड्यांना समोरच्या काचेतच उष्णता परतवणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो, विशेषतः फ्रेंच गाड्यांना, बाहेरून बघितलं तर जांभळट झाक मारते. त्या काचेतून टोलचा बिल्ला पण चालत नाही म्हणून आरशाजवळ एक छोटी जागा बिनथराची सोडलेली असते आणि गाडीच्या पुस्तकात ती दाखवलेली असते. जीपीएस त्या खिडकीत लावला तर चालतो, चार इंच बाजूला लावला तर मेला. काही गाड्यांत काच गरम करायला बारीक तारा असतात, त्यांनीही घोळ होतो.

आपल्याकडे काचेत असं कमी, पण फिल्ममध्ये असतं. सिरॅमिक म्हणून धातूची फिल्म गळ्यात मारणारे कमी नाहीत. दुकानदाराशी वाद घालत बसू नका, परीक्षा सोपी आहे. माउंट आणि कॅमेरा काचेवरून काढा, पॉवर बँक लावा आणि गाडीच्या बॉनेटवर फडकं टाकून ठेवा, माउंटची चिकटवायची बाजू आभाळाकडे. लागायला किती वेळ लागतो बघा. मग तेच आत काचेमागे करा. मग तेच किटवर. तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. तुमच्याकडे चारही गोष्टी एकदम बदलल्या तिथेच सगळा गोंधळ आहे, कोणीही कोणाकडेही बोट दाखवू शकतो. जागा मात्र खरीखुरी उघडी हवी, सोसायटीच्या दोन बिल्डिंगच्या मधल्या गल्लीत नको, तिथे सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि जीपीएस तुम्हाला शेजारच्यांच्या फ्लॅटमध्ये बसवतो.

फिल्म कायद्यात बसते का तेही बघून ठेवा. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा, बाजूच्या काचांतून ५०. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून फिल्म म्हटलं की पोलीस हात दाखवतात, तुम्हाला अनुभव असेलच.

बोगदाप्रेमी

खंबाटकीत जातं ते जातंच म्हणालात म्हणून. साताऱ्याहून पुण्याला येताना बोगदा लागतो, तिथे सिग्नल जाणारच, कोणाचाही जातो. नवीन कात्रज बोगद्यातही. पण पुण्याहून जाताना तुम्ही घाट चढता, वर आभाळ उघडं असतं, एका बाजूला डोंगर. तिथे एका बाजूचे उपग्रह झाकले जातात, चांगला रिसीव्हर तरी उरलेल्यांवर निभावतो. तुमचा तिथे सोडतोय म्हणजे आधीच काठावर चालला होता. सेटिंगमध्ये नुसतं जीपीएस आहे का जीपीएस आणि ग्लोनास (रशियाची तशीच उपग्रह यंत्रणा) दोन्ही, ते बघा. दोन्ही चालू असेल तर मोजायला जास्त उपग्रह मिळतात आणि घाटात फरक पडतो.

बोगद्यांची एक गंमत. काही कॅमेरे सिग्नल गेला की वेग ० दाखवतात आणि काही शेवटचा वेग तसाच धरून ठेवतात. समृद्धीवर इगतपुरीचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे, त्यात सगळा वेळ माझ्या कॅमेऱ्यावर शिरतानाचाच आकडा होता, आत ट्रकमागे रांगत होतो तरी. मामांना हे सांगायला हवं, पावती फाडायला हा आकडा पुरावा म्हणून कितपत टिकेल ते.

घाटातला_मामा

वाचलं. तरी बंदच ठेवणार.

कात्रज_ते_कराड

सगळ्यांचे आभार, रविवारी सकाळी खेड शिवापूरच्या पुढे एका मोकळ्या जागेत गाडी लावून सगळं करून बघितलं, बायको म्हणाली बॉनेटवर कॅमेरा ठेवून कसली पूजा चाललीये.

बॉनेटवर पॉवर बँकेवर मिनिटभरात हिरवा. आत काचेमागे, फिल्मसकट, पॉवर बँकेवरच, लागला पण बराच वेळ घेतला, मी तोवर पाण्याची बाटली संपवली. आणि किटवर इंजिन चालू करून, नाही म्हणजे नाहीच. लाल. मागच्या कॅमेऱ्याची पिन काढून बघितली, काही फरक नाही. एफएमवर लांबचं स्टेशन लावून पिन घातली तर गाण्यावर सरळ तळणीचा आवाज. खगोलवेडी ताईंनी सांगितलेलं अॅपही लावलं, फोन माउंटला टेकवून धरला, पिन घातली की निम्मे उपग्रह यादीतून गायब.

मग आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो, दुकानदाराकडे नाही. त्याने आरशाच्या वरचं अस्तर प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचकटलं आणि वायरमनदादा, तुम्ही काय तिथे येऊन बघून गेला होतात का? काळी डबी, तिच्याभोवती वायरचं भेंडोळं, वर इन्सुलेशन टेप, आणि हे सगळं माउंटपासून वीतभर. डबीवर कंपनीचं नाव वगैरे काही नाही, नुसता ५ व्ही ३ ए असा स्टिकर.

त्याने डबी खाली फ्यूजबॉक्सपाशी नेऊन बांधली, जादा वायरही खालीच ठेवली, आणि माउंटच्या जवळ वायरवर ती चापासारखी बंद होणारी, वायरमधली खरखर अडवणारी काळी फेराइटची गाठ लावली, वायरचा एक वेढा तिच्यातून घेऊन. आता बायपासला लागेपर्यंत हिरवा होतो. पूर्वीइतका झटपट नाही पण होतो. आणि चहानंतर आता पटकन लागतो, म्हणजे सेल गेलेला नाही असं धरू का? फिल्मचं काय करावं मात्र कळत नाही, उन्हाळ्यात फरक पडतो तिचा.

खगोलवेडी

हो, सेल ठीक आहे. आधी पूर्ण माहिती कधी हातातच येत नव्हती, मग जपणार काय. आता येतेय.

नेकारकाठी

फिल्म पूर्ण काढू नका. माउंट जिथे चिकटतो तिथेच, आरशामागे बाहेरून दिसणार नाही असा तळहाताएवढा चौकोन कापून घ्या. पण स्वतः ब्लेड चालवू नका, काचेवर ओरखडा राहतो, फिल्मवाल्याकडूनच करून घ्या आणि फुकट करून घ्या, सिरॅमिक म्हणून पैसे घेतलेत त्याने. आणि माउंट छताच्या पत्र्याला अगदी भिडवून असेल तर जरा खाली आणा. काचेवरची काळ्या ठिपक्यांची पट्टी अडवत नाही, छताचा पत्रा अडवतो, अर्धं आभाळ तोच खातो.

वायरमन_इचलकरंजी

ते नाव नसलेलं किट शक्य झालं तर बदलाच. जीपीएस सोडा, असल्या डब्या बॅटरीचा व्होल्टेज नीट मोजत नाहीत, पार्किंग मोडमध्ये बॅटरी पार उतरवतात आणि मग सकाळी धक्का मारा. कटऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की किटने बंद व्हायचं ते, सेट करता येतो असं घ्या.

स्वाती_पनवेल

ह्याच धाग्यात विचारते, नवा काढत नाही. माझ्या कॅमेऱ्याचं जीपीएस लगेच लागतं पण लागलं रे लागलं की तारीख एकदम २००६ च्या आसपासची होते. हाताने बरोबर लावली की पुढच्या वेळी परत तेच. जुना कॅमेरा आहे, भावाने वापरून दिलेला. वेळ पण चुकते, साडेपाच तास मागे.

खगोलवेडी

स्वाती, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वेळ सोपी, जीपीएस जगभर एकच वेळ देतं, भारताचे साडेपाच तास कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तुम्हीच मिळवायचे. टाइम झोनमध्ये +५:३० निवडा.

तारखेचं म्हणजे, जीपीएस सिग्नलमध्ये साल नसतंच, आठवड्याचा क्रमांक असतो आणि तो १०२४ आठवडे झाले की परत शून्यावर येतो. १०२४ आठवडे म्हणजे साडेएकोणीस वर्षांच्या थोडं वर. गेल्या वेळी एप्रिल २०१९ मध्ये शून्य झाला, आता २०३८ मध्ये होईल. आपण कितव्या फेरीत आहोत हे रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरला ठाऊक असावं लागतं, जुन्या रिसीव्हरचा हिशोब कधीतरी संपतो आणि तो एक फेरी मागे जातो. कॅमेऱ्यावरची तारीख घ्या, त्यात १०२४ आठवडे मिळवा, आजची तारीख आली की तेच कारण. जागा आणि वेग बरोबरच असणार.

स्वाती_पनवेल

मिळवले. आजची तारीख आली! आणि +५:३० नाहीच आहे हो यादीत, +५ नंतर थेट +६. कंपनीच्या साइटवर ह्या मॉडेलचं नावच नाही आता, अपडेट कुठून आणू?

बोगदाप्रेमी

मग मेनूत जीपीएसवरून वेळ घेण्याचा पर्याय शोधा, टाइम सिंक किंवा ऑटो टाइम असं काहीतरी असेल, तो बंद करा. जीपीएस बंद नाही करायचं, फक्त त्याच्याकडून वेळ घ्यायची नाही. मग तारीख-वेळ हाताने लावलेली टिकेल आणि जागा-वेग येत राहतील. असली जुनी घड्याळं महिन्याला थोडी सरकतात, सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा एकदा फोनशी जुळवून घेत जा.